आईची भिशी आणि माझं क्रेडिट कार्ड

आजचा भाग जरा घरगुती आहे. मागच्या दोन-तीन भागांत मी नोकरी, मुलाखती, नोटीस पिरियड यावर बोललो, तर बऱ्याच जणांनी विचारलं की ‘नोकरी गेली तेव्हा घर कसं चाललं ते सांग ना’. खरं सांगायचं तर ते टाळत होतो, कारण त्यात माझी थोडी शोभा होते. पण आज सांगतो. पंचवीस-तीस मिनिटं लागतील. लोकलमध्ये ऐकत असाल तर ठाण्याहून वाशीपर्यंत पुरेल.

आधी माझं घर. कोपरखैरणे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लाइनवर घणसोली आणि तुर्भे यांच्या मधलं स्टेशन. आमच्या भागात माथाडी कामगारांची घरं आहेत, लहान-लहान, एकमेकांना लागून. एका घरात मिक्सर लावला की तिसऱ्या घरातल्या माणसाला कळतं आज खोबऱ्याचं वाटण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. आमच्या गल्लीत निम्मे लोक तिकडचेच. मी लोणेरेच्या विद्यापीठातून बीटेक केलं, २०१८ला नोकरीला लागलो, २०२१ला दुसरी कंपनी, ऐरोलीत. घरातला पहिला इंजिनिअर. हातात महिन्याला ७२ हजार यायला लागले तेव्हा आण्णांनी पगाराची स्लिप वाचून दाखवायला सांगितली होती, दोनदा.

आणि फेब्रुवारी २०२३मध्ये एका मंगळवारी सकाळी साडेदहाला लॅपटॉप लॉगआऊट झाला. मला वाटलं पासवर्ड एक्स्पायर झाला. फोनवर ईमेल आला होता. तेव्हा अनेक कंपन्यांत कपात चालली होती, त्यामुळे धक्का होता पण आश्चर्य नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, तिचा आजच्या गोष्टीशी संबंधही नाही. संबंध आहे तो त्या दिवशी माझ्या खात्यात किती पैसे होते याच्याशी.

११ हजार ४००.

पाच वर्षं नोकरी केलेला माणूस. घर स्वतःचं, भाडं नाही. लग्न नाही. घरी १५ हजार देत होतो. आणि शिल्लक ११ हजार ४००. वर क्रेडिट कार्डाची थकबाकी ८४ हजार. शिवाय फोनचा हप्ता, बाईकचा हप्ता.

‘तुझा पीएफ असेल ना?’ असं कुणीतरी म्हणेल. होता. २०२१मध्ये दोन नोकऱ्यांच्या मध्ये मी तीन महिने घरी होतो, तेव्हा सगळा काढला. मनालीला गेलो आणि गेमिंग कन्सोल घेतला. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर टॅक्स लागतो हेही मला नंतर कळलं. मित्राने सांगितलं होतं की ट्रान्सफर कर, तर मी त्याला म्हटलं, ‘म्हातारपणाचं आत्ता कशाला?’ त्या वेळी मी २५ वर्षांचा होतो, म्हणून सोडून द्या.

आता त्या ८४ हजारांचं गणित सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या फोनवर आत्ता ‘मिनिमम ड्यू’ असं लिहिलेलं असणार. माझ्या कार्डाचा व्याजदर होता महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला काहीच वाटत नाही. वर्षाचे झाले बेचाळीस. ८४ हजारांवर महिन्याचं व्याज २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५२९. एकूण ३,४६९. मिनिमम ड्यू होता पाच टक्के, ४,२००. मी चार-पाच महिने इमानदारीत ४,२०० भरत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, कर्ज फिटतंय. त्यातून फिटत किती होतं? ७३१ रुपये. बाकी सगळं वाऱ्यावर. आणि त्यातला अजून एक बारीक मुद्दा, जो मला बीटेक होऊनही माहीत नव्हता: मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला ती पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. म्हणजे थकबाकी असताना कार्डावर घेतलेल्या वडापावलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

घरी सांगायला मला चार दिवस लागले. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, सीवूड्सच्या मॉलमध्ये नाहीतर वाशीच्या सागर विहारला जाऊन बसायचो. पाचव्या दिवशी आईनेच विचारलं, ‘डब्यातली भाजी गरम करून खाल्ली नाहीस का रे चार दिवस?’ ऑफिसात मायक्रोवेव्ह होता. बाहेर भाजी गार खाल्ली की डब्याला तेलाचा थर तसाच राहतो. तिला डब्यावरून कळलं.

मग सगळं सांगितलं. नोकरीचं आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. कार्डाचं ऐकलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. ते बाहेर गेले तो क्षण मला नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागला, कारण हा माणूस ३० वर्षं पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर वाहतोय, आणि मी त्याला सांगत होतो की मी महिन्याला साडेतीन हजार फक्त व्याज भरतोय.

आई मात्र हिशोबाचं बोलली. ‘किती आहेत एकूण? नीट आकडा सांग.’

इथे भिशी येते.

भिशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असेल. आमच्या गल्लीतली अशी: १५ बायका, प्रत्येकी महिन्याला ४ हजार, म्हणजे महिन्याचे झाले ६० हजार. दर महिन्याच्या १० तारखेला एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात, गल्लीतल्या एखाद्या लहान पोराला एक काढायला लावतात, जिचं नाव येईल तिला त्या महिन्याचे ६० हजार. तिचं नाव मग डब्यातून बाद, पण हप्ता शेवटपर्यंत भरायचा. १५ महिन्यांनी चक्र पूर्ण. व्याज नाही, कमिशन नाही. जिचा नंबर आधी लागला तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिचा शेवटी लागला तिची सक्तीची बचत झाली. दुसरा प्रकार असतो लिलावाच्या भिशीचा, त्यात ज्याला गरज आहे तो बोली लावतो, की मला ६० ऐवजी ५२ द्या, आणि वरचे ८ हजार बाकीच्यांत वाटले जातात. व्यापारी लोकांत तो चालतो. आमच्या बायकांना तो पटत नाही. आई म्हणते, ‘नडलेल्या बाईकडून काय कमवायचं?’

मी हे आधी फार मागास वगैरे समजायचो. नंतर वाचलं तर अर्थशास्त्रात याला नाव आहे, रोस्का. क्लिफर्ड गीर्ट्झ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२मध्ये यावर लेख लिहिलाय, जावा बेटावर ज्याला अरिसान म्हणतात त्याच्यावरून. इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकव्हेल, मेक्सिकोत तांदा. म्हणजे कोपरखैरण्याच्या गल्लीतल्या बायका जे करतात ते अर्धं जग करतं, फक्त चहासोबत इथे खारी असते.

तर, मार्चची चिठ्ठी आमच्या शेजारच्या काकूंची निघाली. त्यांना पैसे हवे होते वरच्या स्लॅबसाठी. दोन पावसाळे त्यांच्या घरात गळत होतं, मधल्या खोलीत बादली ठेवून झोपायचे. पावसाच्या आधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं ठरलं होतं, मिस्त्री येऊन बघून गेला होता. आणि त्या काकूंनी तो नंबर आईला दिला. आईचा जेव्हा लागेल तेव्हा तो मी घेईन, म्हणाल्या. आईने काय सांगून मागितलं मला माहीत नाही. मी त्या खोलीत नव्हतो, जाणूनबुजून नव्हतो.

६० हजार ते. १९ हजारांना कन्सोल आणि हेडफोन विकले. पाच हजार आईने तांदळाच्या डब्यातून काढले, ते कुठून आले हे विचारायची सोय नव्हती. ८४ हजार एका दिवसात भरले आणि कार्ड कात्रीने कापलं. कार्ड कापल्याने खातं बंद होत नाही बरं का, त्यासाठी बँकेला वेगळं कळवावं लागतं, तेही केलं.

आईची चिठ्ठी निघाली सप्टेंबरमध्ये. मार्च ते सप्टेंबर, सहा महिने. ६० हजारांवर कार्डाचं व्याज आणि जीएसटी मिळून महिन्याला २,४७८ होतं. सहा महिन्यांचे झाले १४ हजार ८६८. म्हणजे जवळजवळ १५ हजार रुपये माझे वाचले, आणि ते वाचवण्यासाठी चार माणसांचं एक कुटुंब आख्खा पावसाळा गळक्या घरात राहिलं. हे मी फुगवून सांगत नाही. जूनच्या शेवटी जो पाऊस लागला, त्यात मी आणि आण्णा त्यांच्या गच्चीवर चढून ताडपत्री बांधत होतो, आणि खाली काकू म्हणत होत्या, ‘असू दे रे, सवय आहे.’ ती ताडपत्री एका वाऱ्यात फाटली. दुसरी आणली.

मला नोकरी लागल्यावर मी आईला म्हटलं, काकूंना वर दहा हजार देतो. आई भडकली. ‘तिला व्याजाने घेतलंय का आपण? देऊन दाखव, ती परत आपल्या दारात यायची नाही.’ मग त्यांच्या मुलाला, तो बारावीला होता, सीईटीचं गणित शिकवलं. वर्षभर, रविवारी दोन तास. फिटलं असं मी म्हणत नाही.

आता भिशीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट, कारण उद्या कुणी म्हणेल याने पॉडकास्टवर भिशी लावायला सांगितलं. चिट फंडांसाठी १९८२चा केंद्राचा कायदा आहे, नोंदणी लागते. गल्लीतली भिशी नुसत्या विश्वासावर चालते. कुणी पळून गेलं तर हातात कागद नसतो. आमची भिशी चालते कारण पंधराही बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरापर्यंत ओळखतात, आकडा लहान आहे, आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते. व्हॉट्सअॅपवर ‘भिशीत पैसे टाका, सहा महिन्यांत दीडपट’ असं कुणी सांगत असेल तर ती भिशी नाही. चिठ्ठीच्या भिशीत कधीच जास्तीचे पैसे येत नाहीत. जेवढे टाकले तेवढेच मिळतात. जास्त मिळणार असं कुणी म्हणालं की तिथून चपला घालायच्या.

मी जवळजवळ पाच महिने घरी होतो. दिवसभर अर्ज भरायचे, मुलाखती द्यायच्या, आणि उरलेल्या वेळात काय करायचं म्हणून आईची हिशोबाची वही घेऊन बसलो. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. वही मात्र लग्नापासून आहे, दरवर्षी नवीन, जुन्या माळ्यावर. मी तीन वर्षांच्या वह्या एक्सेलमध्ये टाकल्या. इंजिनिअर माणूस, दुःख झालं की शीट बनवतो.

आमच्या घराचा, चार माणसांचा, महिन्याचा खर्च १९ ते २० हजार. किराणा साधारण ६,४००. भाजी-फळं ३,२००. दूध तीन हजार. गॅस तेव्हा अकराशेच्या घरात. लाइटबिल १,३००. रविवारचं मटण किंवा मासे मिळून अठराशे. बाकी किरकोळ. आणि मग मी माझं बँकेचं स्टेटमेंट उघडलं, जानेवारी २०२३चं. यूपीआयचे व्यवहार २११. एका महिन्यात! दिवसाला सात. बाहेरून मागवलेलं जेवण १४,२००. कॅब ६,९००. दहा मिनिटांत घरी येणारं सामान ५,३००. कुठकुठली सबस्क्रिप्शन २,१५०, ज्यातल्या दोन अॅपची नावं मला आठवत नव्हती. एकट्या माणसाचे हे २८ हजार ५५०. घरी रोज ताजी भाकरी होत असताना.

यात मला एक गोष्ट दिसली. माझ्या २११पैकी बहुतेक व्यवहार तीनशे रुपयांच्या आतले होते. एकही असा नव्हता की ज्याला तुम्ही उधळपट्टी म्हणाल. आईच्या वहीत महिन्याला नोंदी असायच्या चाळीस-पन्नास. ती रोज पैसे बाहेर काढतच नाही. म्हणजे काटकसरीचा आपण जो अर्थ घेतो, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस, तो तिच्या हिशोबात फार लहान भाग होता. मोठा भाग हा की विकत घ्यायची वेळच कमी येऊ द्यायची.

उदाहरणार्थ साठवण. मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे वर्षाचा मसाला. वाशीच्या मसाला मार्केटमधून ब्याडगी, लवंगी, धणे, सगळं आणायचं, गच्चीवर वाळवायचं, डंकावर कुटून आणायचं. दाणाबंदरातून गहू, तांदूळ गोणीने. तांदळाला बोरिक पावडर, गव्हाला एरंडेल. मी यावर फार खूश झालो आणि नोकरी लागल्यावर डिसेंबरमध्ये स्वतःच्या हुशारीने कांद्याची आख्खी गोणी घरी आणली. घाऊक भाव, किरकोळपेक्षा बराच कमी, मी तर मोबाईलवर गणित करून आण्णांना दाखवलं की किती वाचले. तीन आठवड्यांत निम्मी गोणी सडली, घरभर वास. आण्णा हसून हसून खाली बसले. ‘आरं, लाल कांदा कुणी साठवतं व्हय?’ साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमध्ये निघणारा, तो चार-पाच महिने टिकतो. पावसाळी हंगामाचा लाल कांदा आणायचा आणि खायचा. ३० वर्षं कांदा वाहणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारला असता तर गोणी वाचली असती. पण ते मोबाईलमध्ये नव्हतं ना.

विजेचंही एक सांगतो, पटकन. आमच्याकडे महावितरण आहे. त्यांचे टप्पे आहेत, १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत, त्याच्या पुढे वेगळा. पुष्कळ लोकांना वाटतं की ३०१वं युनिट जळलं की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो. तसं नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. पण उलटं वाचलं तर कामाचं आहे: तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात महागडं असतं. आमच्या घरात तीन जुने पंखे होते, ७५ वॉटचे. बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास घेतो. ४५ वॉटचा फरक, दिवसाला १५ तास, महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट. एकदम तीन घेतले नाहीत. एक घेतला, बिल बघितलं, मग दुसरा.

आण्णांची बचत हा वेगळाच विषय आहे, आणि मला वाटतं आपल्या पिढीला तो सगळ्यात जवळचा आहे. आण्णा खर्चाच्या बाबतीत आईसारखे नाहीत. हात सैल. गावच्या जत्रेला वर्गणी, मित्राला उसने, सगळं चालू. तरी त्यांच्या नावावर फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. कसं? तर १९६९चा माथाडी कायदा. त्याच्या आधी हमालाला मजुरी रोजची रोज, तीही मुकादमाच्या मर्जीने, आणि म्हातारपणी हात रिकामे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि हा कायदा आला. त्यात व्यापारी मजुरी थेट हातात देत नाही, माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मजुरीच्या वर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे. म्हणजे आण्णांच्या हातात पैसा यायच्या आधीच त्यांचं म्हातारपण बाजूला काढलेलं असतं. त्यांना मनाचा निर्धार वगैरे करावा लागला नाही, आधीच्या लोकांनी भांडून तो करून ठेवला होता. आणि माझ्या पगारातून पीएफ कापला जात होता तोही तसाच कुणीतरी भांडून मिळवलेला, तो मी मनालीला जाऊन खाल्ला.

म्हणून नवी नोकरी लागल्यावर मी पहिलं काम हे केलं की स्वतःवर विश्वास ठेवायचं बंद केलं. पगार १ तारखेला येतो. २ तारखेला ठरलेले पैसे आपोआप दुसऱ्या बँकेच्या खात्यात जातात. त्या खात्याचं अॅप फोनमध्ये नाही, यूपीआय जोडलेलं नाही. तिथे सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत बाकी काही गुंतवलं नाही. कुणी म्हणेल सेव्हिंगला व्याज काय मिळतं. ती व्याजासाठी नाहीच, लॅपटॉप लॉगआऊट होईल त्या दिवसासाठी आहे. कुठलीही बँक असो, ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२०पासून, तेवढं लक्षात ठेवलं. शिवाय पोस्टात पाच वर्षांची आरडी लावली, महिना तीन हजार. ६.७ टक्क्यांनी भरतो १ लाख ८० हजार, मिळतील २ लाख १४ हजारांच्या आसपास. शेअर मार्केटवाले मित्र हसतात. हसू देत. आणि फोनमध्ये यूपीआय अॅपच्या आत ‘ऑटोपे’ नावाचा एक कोपरा असतो, तो एकदा उघडून बघा. मला तिथे सात जिवंत मँडेट सापडले.

पण या सगळ्यात जी गोष्ट सांगायला मी हा भाग करतोय ती एक्सेलमध्ये सापडली, आणि ती पैशांची नव्हती असंही म्हणता येत नाही.

मी आईच्या नोंदींना रकाने केले. किराणा, दूध, औषध, प्रवास, असे. मग दुसरा रकाना केला, कुणासाठी. आण्णांची चप्पल, ताईची फी, माझा शर्ट, पाहुण्यांची साडी. तीन वर्षांच्या नोंदी, फिल्टर लावला, ‘आई’. सलग २६ महिने एकही ओळ नाही. शून्य. मला वाटलं फॉर्म्युला चुकला. परत तपासलं. २६ महिन्यांपूर्वीची शेवटची नोंद होती, चष्म्याची काडी, ४० रुपये.

आणि ती समोर बसून तांदूळ निवडत होती, डोळ्यांपासून ताट लांब धरून, मग जवळ आणून. मी किती वर्षं हे बघत होतो. मला वाटायचं तिची तशी पद्धत आहे.

आपण जेव्हा म्हणतो ना, आमच्या आईने किती काटकसरीने संसार केला, तेव्हा त्या वाचलेल्या पैशाचा हिशोब आपण कुठून आला ते बघत नाही. काही साठवणीतून येतो, काही शहाणपणातून. आणि काही एकाच माणसाच्या ताटातून, डोळ्यांतून, गुडघ्यांतून येतो. मला तो फरक शीटमध्ये दिसला म्हणून कळला. भांडलो तिच्याशी. ती म्हणाली, ‘मला दिसतंय की.’ वाशीला डॉक्टरकडे नेलं तर जवळचा नंबर खूप वाढलेला, आणि एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. डॉक्टरांनी विचारलं, मागच्या वेळी कधी तपासले होते? तिने माझ्याकडे बघितलं, जणू काही ते मला माहीत असायला हवं.

त्यावर तिला मी एक अट घातली. वहीत दर महिन्याला तिच्या नावाचा रकाना पाहिजे आणि तो रिकामा चालणार नाही, किमान ५०० रुपये. पहिल्या महिन्याची नोंद होती: ‘स्वतःसाठी – कुकरची शिट्टी आणि रिंग, ४६०’. दुसऱ्या महिन्यात ‘स्वतःसाठी – गणपतीला सजावट’. मी म्हटलं ही चीटिंग आहे. तिसऱ्या महिन्यात गजरा २० आणि काकूंबरोबर वाशीला नाटक, विष्णुदास भावे नाट्यगृहात, ३०० रुपये. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘उरलेले पुढच्या महिन्यात धरावे’.

मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. पैसे त्या अॅप नसलेल्या खात्यातून गेले.

आणि हो, भिशी. नवीन चक्र सुरू झालं तेव्हा मी आईला म्हटलं, मलाही घ्या. बायकांची बैठक बसली. माझ्या नावावर चर्चा झाली, मी बाहेर ओट्यावर. निर्णय असा आला की याचा मागचा रेकॉर्ड बघता पूर्ण हिस्सा देता येणार नाही. अर्धा, दोन हजारांचा, तोही काकूंच्या मुलाच्या जोडीने, आणि जामीन आई. आमची जोडचिठ्ठी अजून निघालेली नाही. डब्यात चार नावं शिल्लक आहेत. १० तारखेला परत काढणार, या वेळी खारी आणायची पाळी माझी आहे.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या घरच्या वहीत काय सापडलं ते मला नक्की पाठवा, आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं तर पुढच्या भागात लावतो. भेटू पुढच्या शनिवारी.